सगळ्यात वरचं ओलं

गाडीखाली सरकवायचा तो पुठ्ठा मी अजून टाकलेला नाही. फ्रिजच्या खोक्याची एक बाजू कापून केलेला. त्यावर पेन्सिलीने मागच्या दोन्ही चाकांची जागा आखलेली आहे, म्हणजे रोज तो बरोबर त्याच ठिकाणी सरकवता यावा. त्या दोन खुणांच्या मध्ये, जरा मागच्या अंगाला, तेलाचे डाग आहेत. प्रत्येक डागाभोवती बॉलपेनने काढलेलं वर्तुळ, शेजारी तारीख, आणि त्या दिवशी गाडी किती वेळा सुरू केली, किती अंतर चालवली याची बारीक अक्षरात नोंद. पाच आठवड्यांचा हिशेब आहे तो.

गाडी 1986 सालची. पोर्शे 911, कॅरेरा 3.2. सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं 3164 सीसीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं. तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे निजलेले. नवी असताना 231 अश्वशक्ती. आज हा आकडा कोणाला फार मोठा वाटणार नाही. पण इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा 4000 च्या पुढे गेला की पाठीमागून जो आवाज येतो, धातूचा, कोरडा आणि तरीही भरदार, तो ऐकल्यावर आकड्यांची आठवण राहत नाही. मला त्या आवाजासाठी ही गाडी हवी होती. मिळाली, आणि तिच्यासोबत ही गळतीही मिळाली.

जुन्या गाड्यांच्या लोकांत एक वाक्य फार चालतं. जुनं इंजिन आहे, थोडं गळणारच. गळायचं थांबलं तर समजावं की तेल संपलं. हे ऐकून सगळे हसतात आणि विषय तिथेच मिटतो. मला हे कधीच पटलेलं नाही. या इंजिनात तर मुळीच नाही. इथे रेडिएटर नाही, पाणी नाही. वर बसलेला पंखा हवा खाली ढकलतो, ती सिलिंडरच्या बारीक पात्यांमधून जाते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. त्या पात्यांवर तेल बसलं की त्याला धूळ चिकटते. धुळीची साय होते, सायीचं घोंगडं होतं. घोंगडं पांघरलेला सिलिंडर थंड कसा होणार? शिवाय खाली एक्झॉस्टला लागूनच हीट एक्सचेंजर आहेत, आणि गाडीच्या आत येणारी गरम हवा त्यांच्याच अंगावरून येते. तिथे तेल पडलं तर त्याचा धूर आपल्याच नाकात. आणि तापलेल्या एक्झॉस्टवर तेल ठिबकत असताना ‘गाडीचा स्वभावच तसा’ म्हणून कोणी निवांत बसत असेल, तर मला त्या माणसाची काळजी वाटते.

दोष गाडी बनवणाऱ्यांचा नाही, हेही सांगायला हवं. चाळीस वर्षं तापून-निवून रबराचं जे व्हायचं तेच झालं होतं. पूर्वी सील आणि ओ-रिंग, म्हणजे सांध्यातून तेल बाहेर येऊ न देणाऱ्या कड्या, ज्या नायट्राइल रबराच्या असत, ते उष्णतेने हळूहळू कडक होतं आणि त्याची लवचीकता जाते. मध्ये ओ-रिंग, एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला कधी ॲल्युमिनियम तर कधी पोलाद. दोन्ही धातू वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि आखडतात. रबर मऊ असतं तोवर ते फरक सांभाळून घेतं. कडक झालं की फट उघडी पडते.

आता मागची गोष्ट. गाडी माझ्याकडे यायच्या आधी एका गॅरेजात तिची गळती तपासली गेली होती. निदान काय, तर फ्लायव्हीलकडचं, म्हणजे क्लचजवळच्या जड चाकाकडचं, सील गेलंय. या सीलला सगळे ‘रिअर मेन सील’ म्हणतात. नवख्याचा इथेच गोंधळ होतो, कारण या गाडीत इंजिन उलटं बसवलेलं असल्यामुळे ते सील इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. निदानात चूक वाटावी असं काहीच नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याच्या अगदी तळाला थेंब लोंबत होता. तिथला थेंब म्हणजे सील, असं कोणीही म्हणेल. मग इंजिन उतरवलं, क्लच काढला, नवं सील बसवलं, इंजिन परत चढवलं. सगळी कागदपत्रं माझ्याकडे आहेत, काम नीट केलेलं दिसतं. पण काही महिन्यांत थेंब पुन्हा त्याच जागी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

त्या मेकॅनिकना मी मनापासून दोष देऊ शकत नाही, कारण त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. किंबहुना म्हटलंच. गाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात खाली सरपटत जाऊन टॉर्च मारला, थेंब पाहिला आणि ठरवून टाकलं: सील पुन्हा गेलं, किंवा बसवतानाच तिरपं बसलं. मोठं, खर्चिक निदान आपल्याला पटकन खरं वाटतं. एवढी जड गोष्ट आहे म्हणजे त्यात तथ्य असणारच, असं मन धरून चालतं.

मला थांबवलं ते काकांनी. ते माझे नात्याचे काका नाहीत; पण हवेने थंड होणाऱ्या इंजिनांवर उभं आयुष्य काढलेला माणूस म्हणून ओळखीतले सगळेच त्यांना काका म्हणतात. मी फोनवर सांगितलं, इंजिन उतरवतोय. त्यांनी विचारलं, “धुतलंस का?”

“नाही अजून.”

“मग तुला काय दिसतंय ते तुलाच माहीत नाही. आधी धू. कोरडं कर. मग खालचा थेंब बघत बसू नकोस. सगळ्यात वरचं ओलं शोध. त्याच्या वर कोरडं असेल, तर तुझी जागा तिथेच.”

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. तेलाच्या बाबतीत दुसरं काही शोधण्यात अर्थच नाही. तेल जिथून निघतं तिथे ते क्वचितच दिसतं. ते ओघळतं, कडेकडेने सरकतं, बोल्टच्या डोक्यावर थबकतं, धातूच्या कंगोऱ्यावरून आडवं जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला येऊन लोंबतं. त्यात या इंजिनात वरून पंख्याचा वारा आणि गाडी पळताना खालून रस्त्याचा वारा. दोघे मिळून तेलाची पार रांगोळी करून टाकतात.

तेलाच्या वाटा समजून घेतल्याशिवाय हे काम होत नाही, म्हणून जरा आडवळण घेतो. साध्या गाडीत तेल इंजिनाच्या तळाशी परातीसारख्या भांड्यात असतं. इथे तसं नाही. याला ड्राय संप म्हणतात. तेलाची टाकी वेगळी, उजव्या मागच्या चाकाच्या मागे, मडगार्डच्या आत. पंपाचे दोन भाग. एक टाकीतलं तेल दाबाने इंजिनात पाठवतो, दुसरा तळाशी जमलेलं तेल उपसून टाकीकडे परत पाठवतो. ते तेल जास्त तापलं तर परतीच्या वाटेवर एक थर्मोस्टॅट उघडतो आणि ते पार पुढच्या उजव्या चाकाजवळच्या कूलरपर्यंत जाऊन येतं. म्हणजे तेल गाडीची जवळजवळ पूर्ण लांबी फिरतं. एकूण तेल सुमारे 13 लिटर. (1972 च्या मॉडेलात ही टाकी चाकाच्या पुढे आणली होती आणि तिचं तोंड बाहेरून, उजव्या बाजूला छोट्या झाकणामागे दिलं होतं. पंपावर लोक त्यालाच पेट्रोलचं झाकण समजत, असं सांगतात. पुढच्याच वर्षी टाकी परत मागे गेली.)

यातून एक गोष्ट निघते, आणि ती मला सुरुवातीला ठाऊक नव्हती. तेल किती आहे ते इथे थंड इंजिनात बघायचं नसतं. गाडी सपाटीवर, तेल पूर्ण तापलेलं, इंजिन सुरू आणि शांत फिरत असताना काठी काढून बघायची. थंड असताना बघितलं तर काठी जवळजवळ कोरडी दिसू शकते. मग माणूस घाबरून लिटरभर तेल ओततो. ते जास्तीचं तेल तापून फुगलं की ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला कोंडलेला दाब बाहेर सोडणाऱ्या, नळीतून हवेच्या वाटेत जातं, आणि आपण म्हणतो गळती आहे. म्हणून सगळ्यात आधी मी पातळी नीट बघितली. ती बरोबर होती. मग इंजिन सुरू असताना तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. इंजिनाची चाल लगेच अडखळली, झाकण लावल्यावर सावरली. या गाडीत ब्रीदरची नळी इंजिनाच्या श्वासाशी जोडलेली असते, त्यामुळे झाकण उघडल्यावर चाल बदलणं हे चांगलं लक्षण. ब्रीदर तुंबला असता तर आतला दाब वाढून धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर पडलं असतं. ते कारण नव्हतं.

तेल कुठलं, हेही बघितलं. गिअरबॉक्स इंजिनाला लागूनच असल्याने थेंब त्याचाही असू शकतो. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. बोटावर घेतला की दिवसभर सुटत नाही. माझ्या बोटावरचं तेल पातळ, काळपट आणि त्या वासाचं नव्हतं. इंजिनचंच.

मग धुणं. याला मी पूर्ण एक दिवस दिला, आणि आज वाटतं की सगळ्या कामात तो दिवसच सगळ्यात कारणी लागला. अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्यूटर प्लास्टिकने बांधले. ग्रीस कापणारं द्रावण मऊ ब्रशने लावलं, तासभर मुरू दिलं, कमी जोराच्या पाण्याने काढलं, पुन्हा लावलं. खालून निघालेली साय लाकडी पट्टीने खरवडली. तिच्यात वाळू होती, वाळलेल्या पानांचा चुरा होता, कुठल्या तरी केबलचा तुटलेला पट्टा होता. तीन वेळा धुतल्यावर क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या मधल्या धडाचा, राखाडी धातू दिसला. इंजिन कोरडं झाल्यावर काकांच्या सांगण्यावरून खालच्या सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर शिंपडली. पांढऱ्या पावडरीवर तेलाचा कण जरी आला तरी गडद डाग उमटतो, आणि तो कुठून सुरू झाला तेही कळतं.

पहिली फेरी मारून आल्यावर डाव्या बाजूच्या पावडरीवर करडी रेघ उमटली. कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) भागातलं तेल चार नळ्यांतून खाली क्रँककेसमध्ये उतरतं, प्रत्येक बाजूला दोन. त्या नळ्यांच्या टोकांना ओ-रिंग असतात. डावीकडच्या मागच्या नळीच्या वरच्या टोकाला घाम फुटला होता. नळी अगदी हीट एक्सचेंजरच्या डोक्यावर, त्यामुळे सिग्नलला थांबल्यावर येणारा धूर आणि हीटर लावला की येणारा वास, दोन्हींचा उलगडा झाला. मला वाटलं, सापडलं. मूळच्या नळ्या एकसंध असतात. त्या बदलायच्या तर वरचा भाग उकलावा लागतो. पण दोन तुकड्यांच्या, एकमेकांत सरकणाऱ्या नळ्या मिळतात. जुनी नळी चेपून काढायची, नवी आखूड करून आत घालायची आणि दोन्हीकडे ताणून क्लिप लावायची. नळ्या बदलायला एक दुपार लागली, पण त्याआधी एक्झॉस्टचे गंजलेले नट सोडवायला दोन संध्याकाळी गेल्या. चारही नळ्या बदलल्या, नव्या ओ-रिंग व्हायटनच्या, म्हणजे दोनशे अंशांपर्यंतची उष्णता सोसणाऱ्या रबराच्या. धूर गेला, वासही गेला.

थेंब मात्र तिथेच.

खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी गाडीखालून बाहेर आलोच नाही. फरशीवर पाठ टेकून त्या थेंबाकडे बघत राहिलो. आधी तो नुसता ओलसर फुगवटा असतो. मग त्याला खाली टोक फुटतं. टोक जड होतं, थेंब लांबतो, वरचा धागा बारीक होत जातो आणि तुटतो. पडणाऱ्या थेंबापेक्षा मागे राहिलेला धागा मला जास्त बघण्यासारखा वाटला. तो परत वर खेचला जाऊन सपाट व्हायचा, आणि सांध्याच्या कडेने त्याला नवं तेल येऊन मिळायचं. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की तेल सांध्याच्या आतून येत नव्हतं. ते सांध्याच्या बाहेरच्या कडेने, वरून खाली येत होतं.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कापला.

पहिले पाच दिवस गाडी सुरूच केली नाही. पुठ्ठा कोरडा राहिला. हे महत्त्वाचं होतं. ड्राय संपच्या इंजिनात गाडी बराच काळ उभी राहिली की टाकीतलं तेल पंपामधून हळूहळू पाझरून क्रँककेसमध्ये जमतं, पातळी सीलपर्यंत चढते आणि सील जरा जरी ढिलं असेल तर उभ्या गाडीत गळती वाढते. माझ्या गाडीत उलटं होत होतं. उभी असताना काही नाही. म्हणजे तेलाला बाहेर ढकलायला दाब लागत होता.

मग रोज चालवायला सुरुवात केली, कधी लांब, कधी जवळ. तीन आठवड्यांनी पुठ्ठा जमिनीवर पसरून बसलो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. दोनशे किलोमीटर एका दमात चालवलेल्या दिवशी दोन थेंब. आणि चार वेळा थंड इंजिन सुरू करून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो त्या दिवशी सात. अंतराशी गळतीचा काही संबंध नव्हता. थंड इंजिन किती वेळा सुरू केलं त्याच्याशी होता. डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा असतो, 5 बारपर्यंतचा. थंड, घट्ट तेलाने इंजिन सुरू केलं की तो काटा सरळ टोकाला जाऊन टेकतो. तेल तापलं की इंजिन शांत फिरताना बराच खाली येतो. म्हणजे ज्या जागेवर पंपाचा पूर्ण दाब येतो अशी कुठली तरी जागा थंडीत, धातू आखडलेला आणि रबर ताठ झालेलं असताना, तेल सोडत होती. फ्लायव्हीलकडच्या सीलवर असा दाब नसतोच. तिथे फक्त आतल्या तेलाचे शिंतोडे येतात. झडपांवरच्या झाकणांवर, टॅपेट कव्हरांवरही नसतो.

सीलचा निकाल कायमचा लावण्यासाठी स्टार्टर मोटर काढली आणि त्या भोकातून टॉर्च मारला. सील गळत असतं तर फिरणाऱ्या फ्लायव्हीलने तेल चारी बाजूंना भिरकावलं असतं आणि आतली भिंत ओली असती. आत काय होतं? फ्लायव्हीलच्या दातांवर क्लचची राखाडी, कोरडी भुकटी. बोट फिरवलं तर पिठासारखी निघाली. ज्या सीलसाठी एकदा आख्खं इंजिन उतरवलं गेलं, ते सील निर्दोष होतं. कदाचित पहिलंही असावं.

आता वरच्या बाजूला वळणं भाग होतं. क्रँककेसच्या माथ्यावर, गिअरबॉक्सच्या बाजूला, तीन वस्तू एकमेकींना खेटून बसलेल्या आहेत: ब्रीदरचं झाकण आणि त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद करणारा पातळ थर), तेलाचा थर्मोस्टॅट आणि त्याची ओ-रिंग, आणि तेलाचा दाब पडला तर दिवा लावणारा स्विच. या गाड्यांवर काम करणारे त्या जागेला ‘मृत्यूचा त्रिकोण’ म्हणतात. नाव भडक आहे, मला आवडत नाही, पण का पडलं ते कळतं. वर मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचं जाळं, मागे पंख्याचं घर, पुढे गाडीचा पत्रा. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. आणि तिथून निघालेलं तेल क्रँककेसच्या पाठीवरून उतरत नेमकं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात शिरतं, सांध्याच्या कडेने दोन्ही अंगांनी फिरून तळाला येतं आणि तिथे लोंबतं. हुबेहूब गेलेल्या सीलसारखं.

तेलात जांभळ्या दिव्याखाली चमकणारा रंग मिसळला. बाजारात मिळते ती छोटी बाटली चार-पाच लिटर तेलाच्या हिशेबाने असते. 13 लिटरमध्ये तेवढी घातली तर काहीच दिसत नाही, म्हणून माप वाढवलं. ब्रेक साफ करायच्या फवाऱ्याने माथ्यावरचा तो खळगा जमेल तेवढा धुतला, कापूस बांधलेल्या तारेने टिपला, वारा मारून सुकवला. रात्री, अंधारात, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू केलं. काटा टोकाला गेला. दोन मिनिटांनी बंद केलं. जाळ्याच्या उजवीकडून कॅमेऱ्याची लवचीक नळी आत सरकवली, जांभळा दिवा लावला, पिवळा चष्मा घातला.

पहिल्यांदा काहीच कळेना. रबरी पाइप, वायर, कुठला तरी क्लॅम्प. नळी जरा वळवली. मग पडद्यावर हिरवट-पिवळं, काजव्यासारखं काहीतरी चमकलं. स्विचच्या वायरवर रबराची टोपी असते, त्या टोपीच्या खालच्या काठाला तो प्रकाश होता. तिथून एक बारीक रेघ स्विचच्या षटकोनी अंगावरून खाली येऊन खळग्यात उतरत होती. रेघेच्या वर, टोपीच्या माथ्यावर, पूर्ण काळोख. शेजारच्या ब्रीदरच्या झाकणाची कड अंधारी, थर्मोस्टॅटभोवतीही काही नाही.

सगळ्यात वरचं ओलं सापडलं. मी काकांना फोन लावला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “टोपीच्या आत बघितलंस?” सळई घालून टोपी वर ओढली. आतून तेल सांडलं. पोलादी अंग आणि वरचा प्लास्टिकचा भाग जिथे दाबून बसवलेले असतात, तिथूनच तेल वर चढत होतं. टोपी पेल्यासारखी भरायची आणि मग काठावरून उतू जायची.

स्विच बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही, पण तसाच हातही पोचत नाही. मधला मार्ग असा, की इंजिनाखाली जॅक लावायचा, मागच्या आडव्या पट्टीचे बोल्ट काढायचे आणि इंजिनाचा मागचा भाग काही सेंटिमीटर खाली घ्यायचा. गिअरबॉक्सचा आधार तसाच राहतो, इंजिन त्याच्यावर किंचित कलतं आणि माथ्यावर हाताएवढी वाट होते. हे करताना घाई नको. ॲक्सिलरेटरची जोडणी, पेट्रोलच्या नळ्या, तेलाच्या नळ्या, गरम हवेचे पाइप, वायर, एकेक बघत आणि सोडवत खाली यायचं. मी दर सेंटिमीटरला थांबून टॉर्च फिरवत होतो. पूर्ण सकाळ गेली.

हात तिथवर पोचला आहे म्हटल्यावर त्रिकोणातल्या तिन्ही गोष्टी बदलल्या. ‘जे बिघडलं नाही त्याला हात लावू नये’ हा नियम मी एरवी पाळतो. पण पुन्हा एवढं खाली उतरायचं नसेल तर इथे तो नियम बाजूला ठेवणंच शहाणपणाचं, असं माझं मत आहे. थर्मोस्टॅटची जुनी ओ-रिंग गळत नव्हती, तरी तिची अवस्था बघून बरं वाटलं की काढली. कधी काळी गोल असलेलं तिचं अंग दोन्हीकडून चपटं होऊन जवळजवळ चौकोनी झालं होतं. बोटांत धरून वाकवली तर वाळक्या काटकीसारखी कट्कन मोडली. नवी ओ-रिंग तेल लावून खाचेत बसवली तेव्हा ती बोटाखाली थोडी दबली आणि परत वर आली. ब्रीदरच्या झाकणाखालचं जुनं गॅस्केट इतकं चिकटलं होतं की ते प्लास्टिकच्या पट्टीने कणाकणाने खरवडावं लागलं. धातूची पट्टी लावली असती तर ॲल्युमिनियमवर ओरखडे पडले असते, आणि मग नवी गळती आपल्याच हाताने जन्माला घातली असती. खरवडलेला कण आत पडू नये म्हणून तोंडात कापड कोंबलं होतं. कापडाला लांब लाल दोरा बांधून तो बाहेर लोंबत ठेवला होता. विसरायची भीती असेल तिथे मी नेहमी असा दोरा बांधतो.

जुना स्विच निघाल्यावर तो चिंधीने पुसून टेबलावर ठेवला. मुठीत मावेल एवढा. कुठे तडा नाही, बाहेरून बघितलं तर अजून पाच वर्षं चालेल असा. पालथा करून ठेवला आणि तासाभराने उचलला तर खाली कागदावर तेलाचं बारीक कडं उमटलेलं होतं.

इंजिन वर घेतलं, बोल्ट आवळले, एकेक नळी आणि वायर पुन्हा जोडली. पुठ्ठ्याची दुसरी बाजू कोरी होती, ती वर केली, चाकांची जागा नव्याने आखली आणि गाडीखाली सरकवली. रात्रभर गाडी तशीच ठेवली, म्हणजे सकाळी तेल पुरतं थंड आणि घट्ट असावं.

पहाटे उठलो. किल्ली फिरवली, काटा उठून 5 वर टेकला. दोन मिनिटं मोजली आणि इंजिन बंद केलं. मागचं झाकण उघडून जांभळा दिवा आत धरला. उजवीकडून कॅमेरा घातला, आधी स्विचवर नेला, मग थर्मोस्टॅटवर, मग ब्रीदरच्या कडेने. काही चमकलं नाही. चष्म्याची काच पुसली आणि पुन्हा सुरुवातीपासून, सावकाश फिरवला.